वसंताची पंगत : प्रस्तावना

वसंत नेमका कधी येतो, यावर आपल्याकडे एकमत नाही. या अभ्यासाची सुरुवात त्या मतभेदापासून केलेली बरी. पंचांगात वसंत पंचमी माघात येते, तेव्हा अंगावर पांघरूण असते. शाळेत पाठ केलेल्या यादीप्रमाणे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. पण तोवर अकोला-नागपूरकडे दुपारचे रस्ते ओस पडलेले असतात. पळस फाल्गुनातच पेटतो, आंब्याचा मोहर त्याच्याही आधी येऊन गेलेला असतो. कालिदासाचे 'ऋतुसंहार' ग्रीष्मापासून निघून वसंताशी संपते, तर दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) चैत्रापासून सुरू होते. एकाचा शेवट तो दुसऱ्याचा आरंभ. कवी, ज्योतिषी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांचा हा वाद मिटण्यासारखा नाही, आणि मिटावा असे मला वाटतही नाही.

ताटाला विचारले तर मात्र बरेच निश्चित उत्तर मिळते. हुताशनी पौर्णिमेला घरोघर पुरण शिजते आणि अक्षय्य तृतीयेला आमरस होतो. या दोन दिवसांमधला सुमारे दीड महिना हा महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराचा वसंत. होळी, धुळवड, रंगपंचमी, पाडवा, रामनवमी, चैत्रगौर, गावोगावच्या जत्रा आणि आखाजी (खानदेशातली अक्षय्य तृतीया), सगळे याच दीड महिन्यात. या काळात माणसे काय खातात, कोणाबरोबर खातात, कोणाला बोलावतात आणि कोणाला बोलावत नाहीत, हा आपला विषय. लोकसाहित्य, आहारशास्त्र, शेतीचा इतिहास, स्त्रियांच्या श्रमाचा अभ्यास अशा चार-पाच घरांत तो वाटला गेला आहे आणि प्रत्येक घराला आपलाच वाटा पूर्ण वाटतो. नव्या वाचकाला मी आधीच सांगून ठेवतो: या विषयात पदार्थ हा सोपा भाग आहे. पुरणपोळी कशी करायची हे चार ओळींत सांगता येते. ती कोणाच्या पानात पडली, हे कळायला जन्म जातो.

तरी सुरुवात पदार्थापासूनच करू, कारण त्यात शेत दिसते. दख्खनचा वसंत फुलांपेक्षा खळ्यावर जास्त ओळखू येतो. हरभरा ऑक्टोबरच्या सुमारास पेरला जातो, गहू त्यानंतर. दोन्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. उसाची गुऱ्हाळे दिवाळीच्या आगेमागे पेटतात आणि होळी-पाडव्यापर्यंत चालतात. म्हणजे फाल्गुनी पौर्णिमेला घरात नवा गहू, नवा हरभरा आणि नवा गूळ एकाच वेळी असतो. पुरणपोळीला याहून वेगळे कारण शोधायची गरज नाही. रब्बीची ही शेती इथे किती जुनी, याचा पुरावा पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला सापडला. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जव, गहू, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणे मिळाले. पुरणपोळी तेव्हा होती असे यातून कोणी काढू नये. पण हिवाळ्यात पीक वाढवून वसंतात घरात आणायचे, ही रीत तेव्हाचीच आहे.

हरभऱ्यावर जरा थांबले पाहिजे. वसंताच्या सगळ्या सणांतून ओवलेला धागा तोच आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. शेतात तो हिरवा असतानाच त्याच्या पानांवरची आंब पहाटे फडकी पसरून गोळा करत. पोटाच्या दुखण्यावर ते जुने औषध. मग सोलाणा येतो, त्याची उसळ किंवा आमटी. घाटे भरले की बांधावर जाळ करून हुळा भाजतात, कुठे त्याला हावळा म्हणतात. हाताला काळे लागते, तोंडाला लागते, आणि त्या जाळाभोवती बसलेल्यांत मालक-गडी हा भेद तेवढ्यापुरता सैल होतो. होळीला त्याच हरभऱ्याची डाळ शिजते, गुळाबरोबर घोटून तिचे पुरण होते आणि वरच्या पाण्याची कटाची आमटी. पंधरवड्यात पाडवा येतो. तेव्हा भिजवलेली डाळ कडुनिंबाच्या कोवळ्या पानाफुलांत, गूळ-जिरे-हिंगात मिसळून प्रसाद होतो. आणखी दोन दिवसांनी चैत्रगौर बसते. आता डाळ न शिजवता भिजवून भरड वाटायची, तीत कैरीचा कीस आणि वरून हिंग-मोहरी-सुक्या मिरचीची खमंग फोडणी. शेजारणीच्या ओटीत जातात ते अख्खे, भिजवलेले हरभरे. आणि सातपुड्यातल्या भोंगऱ्या बाजारात होळीआधी दाळ्या आणि गूळ विकत घेतला जातो, त्या दाळ्या म्हणजेही हरभराच. भाजलेला, शिजवलेला, वाटलेला, भिजवलेला, एक दाणा इतक्या रूपांनी या दिवसांत फिरतो. एखाद्या विद्यार्थ्याने एवढाच माग काढला तरी त्याचा प्रबंध होईल.

आता ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. इथे गंमत सुरू होते. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. हिवाळ्यात साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो आणि अग्नी मंदावतो, असे त्याचे निदान. म्हणून त्याचा सल्ला: जुने जव, जुना गहू, मध, शूलावर भाजलेले जांगल प्राण्यांचे मांस. जड, स्निग्ध, आंबट आणि गोड टाळावे. दुपारी झोपू नये. आता आपला सण पाहा. नव्या गव्हाची, नव्या डाळीची, गुळाने गच्च भरलेली पोळी, वर तुपाची धार, पाठोपाठ पाडव्याला श्रीखंड, आणि जेवण झाले की माजघरात चटईवर ताणून दिलेली सगळी मंडळी. वाग्भटाची एकही सूचना शिल्लक राहिलेली नाही. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक पदार्थ ऋतूचा विचार करून आरोग्यासाठीच योजला, असे पाडव्याच्या आसपास दरवर्षी छापून येते. ते लिहिणाऱ्यांनी हा अध्याय उघडून पाहावा अशी नम्र विनंती आहे. सण हा भरल्या कणगीचा आनंद आहे. त्याच्या बचावाला वैद्याची चिठ्ठी लागत नाही.

पण वाग्भट इतका रूक्ष नाही. याच अध्यायात तो वसंतातल्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगतो आणि तिच्याकडे आमच्या वैद्यमंडळींचे दुर्लक्ष झाले आहे. आंब्याच्या रसाने सुगंधित केलेली आसवे प्रिय व्यक्तीच्या हातून घ्यावीत, मित्रांच्या सोबतीने प्यावीत, आणि झाडीत, पाण्याच्या कडेला, नाना प्रकारच्या गप्पागोष्टींत दुपार घालवावी. शास्त्रकाराने सोबतीला पथ्याच्या यादीत बसवले आहे. दुपारी झोपू नका, गप्पा मारा, हा सल्ला पाळायला मात्र कोणाचीच हरकत नसावी.

धर्मशास्त्राच्या बाजूला पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' हाताशी ठेवावा. अठराव्या शतकाच्या शेवटी लिहिलेला हा ग्रंथ पुढे घरोघरच्या भटजींचा आधार झाला. चैत्र शुद्ध तृतीयेला शिवासह गौरीला पूजून झोपाळ्यावर बसवावे आणि महिनाभर झुलवावे, हे त्यात आहे. शिवाय त्यात चैत्रापासून चार महिने पाणपोई घालायला सांगितली आहे; ते न जमल्यास रोज पाण्याने भरलेला घडा दान द्यावा. मला हे वचन गौरीच्या आराशीपेक्षा महत्त्वाचे वाटते. गौरीच्या हळदीकुंकवाला ओळखीची माणसे येतात. पाणपोईवर कोण येईल याचा नेम नसतो. वसंताच्या आतिथ्याची ही दुसऱ्या टोकाची बाजू आहे आणि तिच्यावर फार थोडे लिहिले गेले आहे. रांजण कोण भरत असे, ओगराळे कोणाच्या हाती असे, आणि कोणाच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई, हे विचारल्याशिवाय या पुण्याचा हिशेब पुरा होत नाही.

चैत्रगौर माहेरी आलेली असते, तेही महिनाभर. सासरी गेलेल्या मुलीला एवढी मोठी सुटी देणारा दुसरा सण आपल्याकडे नाही, आणि ती इथे देवीला मिळते हे लक्षात घेण्यासारखे आहे. अंगणात चैत्रांगण काढतात: सूर्य-चंद्र, शंख-चक्र, कासव, नाग, गौरीचा झोपाळा, तुळशीवृंदावन. घरात पायऱ्यापायऱ्यांची आरास, कलिंगडाचे कोरलेले कमळ, करंज्या, लाडू, मधोमध झोपाळ्यातली पितळी गौर. एखाद्या शुक्रवारी किंवा मंगळवारी आळीतल्या बायकांना बोलावणे जाते. अत्तर, गुलाबपाणी, हळदीकुंकू, ओटीत हरभरे, पळसाच्या द्रोणात डाळ, फुलपात्रात पन्हे. जेवणाची पंगत नाही, पाने मांडायची नाहीत, उष्टी काढायची नाहीत. तासाभरात दहा घरे होतात. घराबाहेर पडायला कारण लागणाऱ्या काळात बायकांनी जपलेली ही सोय होती, आणि ती धर्माच्या नावाखाली असल्याने तिला कोणी आडकाठी केली नाही. पन्ह्यात केशर किती, डाळ सरसरीत की कोरडी, यावरून घराची ऐपत आणि सुनेचा हात दोन्ही जोखले जात. हळदीकुंकवाच्या बैठकीत झालेल्या सोयरिकींची नोंद कोणी ठेवली असती तर आमच्या हाती मोठा ऐवज लागला असता.

त्याच बैठकीत एक जागा रिकामी असे. विधवेला हळदीकुंकवाचे बोलावणे नसे. बहुतेक वेळा डाळ वाटणारी तीच असे. आता अनेक घरांनी हा भेद सोडला आहे, काहींनी अजून धरून ठेवला आहे. वसंताच्या आनंदाचा अभ्यास करणाऱ्याने ही गोष्ट तळटीपेत टाकू नये, एवढेच माझे म्हणणे.

श्रमाचा विषय निघालाच आहे तर वाळवणाचे दिवस पाहावेत. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक पिळायचा, रात्रभर निवत ठेवायचा. भल्या पहाटे मोठ्या पातेल्यात आधणात मीठ-हिंग घालून तो चीक हाटायचा, आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने कपड्यावर पाडून मोकळे व्हायचे. हे एकटीचे काम नाही. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे, अशी फेरी लागते. शेतातल्या सावडीसारखीच ही बायकांची सावड, पण हिशेबात कुठे न धरलेली. पोरे वाटीत गरम चीक घेऊन बसतात, कोणी तेल घालून, कोणी दूध-साखर घालून. उरलेल्या चोथ्याच्याही भुसवड्या होतात. गच्चीवरचा हा उद्योग सण नाही, व्रत नाही, म्हणून कोणत्याही संस्कृतिकोशाने त्याला मानाची जागा दिली नाही. माझ्या मते शेजार या गोष्टीचा अभ्यास करायला याहून चांगली जागा नाही. अलीकडे तयार कुरडया बचतगटांकडून विकत आणतात. फेरी मोडली, बायकांना थोडी मोकळीक आणि काहींना थोडा पैसा मिळाला. याचे रडगाणे गाऊ नये.

देशावर पाडव्यानंतर जत्रा सुरू होतात. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपाऱ्या द्यायला येतात. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. गावच्या जत्रेला लेकी-जावई, पुण्या-मुंबईची भावकी आणि सोयरेधायरे येतात, आणि दुसऱ्या दिवशी बोकड पडते. होळीला पुरण नि धुळवडीला मटण, जत्रेत एक दिवस गोडा नैवेद्य आणि एक दिवस खारा, हा जोड बहुसंख्य मराठी घरांत पक्का आहे. तरी छापील पुस्तकांतला मराठी वसंत बव्हंशी शाकाहारी आहे, कारण ती लिहिणारी घरे शाकाहारी होती. धुळवडीच्या सकाळी खाटकाच्या दुकानापुढची रांग हासुद्धा ऋतूचा दस्तऐवज आहे.

पाडवा आणि आखाजी यांचा आणखी एक व्यवहार आहे. मराठवाड्यात सालगड्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते, खानदेशात सालदाराचे आखाजीला. जुने साल संपते, उचल फेडली की राहिली हे ठरते, नवा बोल होतो. मालकाकडे गोडधोड जेवण्याचा दिवस आणि पुढच्या वर्षासाठी स्वतःला बांधून घेण्याचा दिवस एकच. खानदेशातल्या आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरच्या रुंद पुरणपोळ्या आणि आमरस होतो. पितरांना घागर भरून रस वाढल्याशिवाय आंबा तोंडात घालायचा नाही, असा अनेक घरांचा नेम. झोका आणि साल, दोन्ही एकाच अंगणात. अभ्यासकाने झोक्यावरच्या मुलीचे गाणे टिपताना ओसरीवर चाललेला सालाचा बोलही ऐकावा.

कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. देव दारी येणार म्हणून मुंबईचा चाकरमानी गाडीत उभ्याने येतो. स्वयंपाकघरात त्या सुमारास ओले काजूगर असतात. सालीतले तेल बोटे भाजते, म्हणून सोलायला वेळ लागतो आणि बाजारात ते नगावर, शेकड्याने विकले जातात. त्याची उसळ आणि कोवळ्या फणसाची कुयरीची भाजी ही तिकडच्या वसंताची खरी ओळख. गोव्यात शिगमो रोमटामेळ आणि घोडेमोडणी घेऊन रस्त्यावर येतो, पाडव्याला तिथे संवसर पाडवो म्हणतात. सातपुड्यात होळी हाच वर्षाचा मोठा सण. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पाहायला डोंगर उतरून माणसे येतात. मेळघाटात कोरकूंचा फगवा असतो. आणि पूर्वेला, गडचिरोलीच्या जंगलात, पहाटे मोहाची फुले वेचायला कुटुंबच्या कुटुंब झाडाखाली असते. ती फुले वाळवून वर्षभर खाल्ली जातात. शेतीच्या रब्बीइतकेच जंगलाचे हे पीक ऋतूशी बांधलेले आहे, आणि शहरातली माणसे मोह म्हटले की फक्त दारू समजतात, हे आपले अज्ञान.

मराठी मुलखातले वसंताचे सण एका धर्माचे नाहीत. आणि ते एकाच चंद्राकडे पाहतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ज्यूंचा पुरीम बहुधा होळीच्या पौर्णिमेच्या आगेमागे येतो. कोकणातल्या बेने इस्रायल समाजात तो होळीचा सण म्हणूनच ओळखला जाई. त्यांचा पेसाह पुढच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या चैत्री पौर्णिमेच्या जवळ. ईस्टर त्याच हिशेबाने, वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत चाळीस दिवसांच्या उपासानंतर मोठे जेवण होते. पारशांचा जमशेदी नवरोज मात्र सूर्यावर चालतो, २१ मार्चला: सकाळी रवो नि सेव-दही, दुपारी मासळी. शेजारच्या घरी ताट पाठवण्याची चाल या सगळ्यांत आहे. कोणाचे ताट कोणत्या घरात जात असे आणि कोणत्या काळात ते थांबले, हा प्रश्न मुंबई-वसईच्या जुन्या वस्त्यांत विचारण्यासारखा आहे.

आता साधनांविषयी थोडेसे. सोमेश्वर तिसरा या कल्याणीच्या चालुक्य राजाचा 'मानसोल्लास' बाराव्या शतकातला. त्यातले अन्नभोगाचे प्रकरण प्रत्येकाने वाचावे आणि वाचताना ते राजाचे ताट आहे हे विसरू नये. त्यात भाजलेले उंदीरही आहेत, हे पुरणपोळीचा उगम त्यात शोधणारे सांगत नाहीत. रघुनाथ नवहस्त यांचे सतराव्या शतकातले 'भोजनकुतूहल' आणि तंजावरच्या सरफोजी राजांच्या काळचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' ही मराठी जिभेची दक्षिणेकडची साक्ष. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या प. कृ. गोडे यांनी एकेका पदार्थाचा माग जुन्या पोथ्यांतून काढला. या क्षेत्रात शिस्त कशी असते ते त्यांच्या लेखांवरून शिकावे. छपाईच्या काळात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, म्हणजे शहराच्या वसंताला पोळीबरोबर व्याख्यानही लागले. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' (१९७०). ही पुस्तके पाककृतींसाठी वाचली जातात. मी ती मापांसाठी वाचायला सांगेन. पुरण किती डाळीचे सांगितले आहे, त्यावरून घरात किती माणसे धरली होती ते कळते. मापे लहान होत गेली, तशी कुटुंबेही.

या यादीसमोर शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) ठेवलेच पाहिजे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याचे ते दस्तऐवजीकरण आहे, आणि त्याच्या नावातच आपल्या ताटावरचा आक्षेप आहे. दलित आत्मकथनांत सणाचे अन्न वारंवार मागून आणलेले, शिळे, दुसऱ्याच्या पानातले म्हणून येते. होळी पेटवण्यात ज्यांचा मान, त्यांचे पान मात्र वेगळे. 'मराठी खाद्यसंस्कृती' हा शब्द एकवचनी वापरणाऱ्याने आधी ही पाने वाचावीत.

दोन गोष्टींपासून नव्या अभ्यासकाने जपावे. पहिली, प्राचीनतेची हौस. आंब्याच्या डाळीवरची मिरची आणि उसळीतला काजू, दोन्ही पोर्तुगीजांमागून अमेरिका खंडातून आले. पाचशे वर्षांपूर्वीच्या चैत्रगौरीची डाळ मिरचीवाचून होती. डोंबिवलीची पाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये सुरू झाली. आज ती पाहून वाढलेल्या मुलांना ती अनादि वाटते. नवे असणे हा दोष नाही. ते जुने म्हणून सांगणे हा मात्र अभ्यासातला दोष. दुसरी गोष्ट, निव्वळ आनंदाची भाषा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली आणि काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षे शेतातच आडवी झाली. कोकणात मोहर अवकाळीने किंवा उष्म्याने गळतो तेव्हा बागायतदाराचे वर्ष जाते. त्या वर्षी होळी होतेच. कशी होते, पुरण किती शिजते, कोणाला बोलावले जात नाही, हे टिपणारी वर्णने आपल्याकडे अगदीच थोडी आहेत.

मराठी माणूस बाहेर गेला तसा वसंतही त्याच्याबरोबर गेला, कधी उलटा होऊन. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. तिथे पाडवा थंडीत येतो, पण झाडे निदान पालवण्याच्या बेतात असतात. मेलबर्न-सिडनीत चैत्र येतो तेव्हा पानगळ सुरू झालेली असते. तिथल्या मराठी घरांत शरदात गुढी उभी राहते, कैरी फ्रीझरमधून येते, आणि सोयीच्या शनिवारी-रविवारी सगळी मित्रमंडळी जमतात. नवे धान्य नाही, उन्हाळा तोंडावर नाही, कडुनिंब भारतीय दुकानातून वाळका. तरी पंगत बसते. ऋतू काढून घेतला तरी सणाचा कोणता भाग उरतो, याचे इतके स्वच्छ उत्तर दुसरीकडे कुठे मिळणार नाही: बोलावणे उरते. आमच्या देशी अभ्यासकांनी या घरांकडे हौस म्हणून पाहणे सोडावे.

वाचकहो, या विषयात शिरायला पदवी लागत नाही. येत्या चैत्रात तुमच्या घरातल्या, नाहीतर शेजारच्या, सर्वांत वयस्क बाईजवळ बसा. पदार्थ कसा करायचा हे शेवटी विचारा. आधी विचारा की डाळ कोण भिजवायचे, कोण वाटायचे, बोलावणे कोणाला जायचे, कोणाला नाही, आणि शेवटी कोण जेवायचे. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या, तुमच्या पुस्तकी मराठीत आणू नका. आणि प्रत्येक टिपणावर गाव, साल आणि घराचा धंदा लिहा. ते नसेल तर कितीही चविष्ट पाककृती आमच्या उपयोगाची नाही.